दुसऱ्या बाजूची चाल

मी बुद्धिबळाचे जुने घड्याळ आहे, मित्रांनो. सेलवर नाही, किल्लीवर चालणारे. माझ्या सागवानी पेटीत दोन तबकड्या शेजारी शेजारी आहेत. खेळाडूने चाल करून माझे बटण दाबले, की त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. एकीने चालायचे, दुसरीने थांबायचे, एवढेच माझे काम.

मला चंपतरावांनी नागपूरच्या सीताबर्डीतून आणले, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, बायकोसाठी. गोपिकाबाई पारशिवनीच्या. त्यांना बुद्धिबळ वडिलांनी शिकवले होते आणि चंपतरावांना त्यांनी. शिष्य काही गुरूच्या पुढे गेला नाही. तो विचारात पडला, की गोपिकाबाई माझ्याकडे बोट दाखवायच्या.

"काहून जी, झोपले का? घड्याळ चालून राहिलं ना!"

"थांब वं. घाई नको करू."

"मी कुठं घाई करून राहिली? तेच करून राहिलं."

त्या काळात माझे फार लाड होते. गोपिकाबाई मला मऊ फडक्याने पुसत आणि पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा टाकत.

पुढे संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली. प्यादे उचलले की हातातून पडे. तेव्हापासून त्या नुसती चाल सांगत आणि चंपतराव त्यांचे मोहरे हलवत. त्यांच्या बाजूचे बटणही तेच दाबत. त्यांची वेणी तेच घालत. ती रोज वाकडी येई. हळूहळू चाल सांगावीही लागेना. गोपिकाबाई घोड्याकडे पाहून "हं" म्हणाल्या, की चंपतरावांचा हात घोडा उचलून नेमका त्या घरात ठेवी.

"जपून ठेवा जी," त्या हसत. "तुमच्याच हातानं तुमचा वजीर माराचा हाये."

मग नागपुरात बुद्धिबळाचा खुला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरणार असल्याचे कळले. बाहेरदेशचे मोठे खेळाडू येणार होते, पण नवख्यांसाठीही एक गट होता. गोपिकाबाईंनी हट्टच धरला. ज्याचे हात चालत नाहीत त्याच्यासाठी दुसऱ्याने मोहरे हलवलेले चालते, असे आयोजकांनी फोनवर सांगितले. त्या चाल सांगणार, चंपतराव हलवणार, असे ठरले.

महोत्सवाच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, गोपिकाबाई गेल्या.

त्यानंतर चंपतराव पट मांडत, पहिली चाल करत आणि माझे बटण दाबत. मग गोपिकाबाईंची तबकडी चालत राही. ते तिच्याकडे पाहत बसत आणि शेवटी मोहरे डब्यात भरून टाकत. एकही डाव पुरा झाला नाही. एकदा ते मोठ्याने म्हणाले, "तिथं महोत्सवात जाऊन एक डाव शेवटपर्यंत खेळून येतो वं मी. अर्धा नाही सोडत."

ते खेळायला गेले. मलाही पिशवीत घेतले. सभागृहात सगळीकडे डिजिटल घड्याळे होती, पण नवख्यांच्या शेवटच्या टेबलावरचे बंद पडले आणि जादा उरले नव्हते. पंचांनी मला चालवून घेतले. समोर दामिनी नावाची मौद्याची शाळकरी मुलगी होती.

"आजोबा, हे तं टिकटिक करते! याचा अलार्म पण वाजते का?"

"नाही वं. नुसतं घाबरवते."

डाव रंगला. चंपतराव चांगले खेळत होते. मग दामिनी आपल्या घोड्याकडे पाहत अडकली. तिने गाल हातावर टेकला आणि पुटपुटली, "हं..."

चंपतरावांचा हात पुढे झाला. त्याने दामिनीचा घोडा उचलला, चंपतरावांचाच वजीर मारला आणि दामिनीच्या बाजूचे बटण दाबले.

"ओ आजोबा! माझा घोडा तुम्ही काहून चालवला?"

पंच धावत आले. "काका, समोरच्याच्या मोहऱ्याले हात नाही लावता येत. काय करून राहिले?"

"चुकून झालं जी."

"चुकून सोताचाच वजीर मारला?" शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणाले आणि दोघे-तिघे हसले.

पंचांनी मोहरे होते तसे ठेवले आणि दामिनीला जादा वेळ दिला. "पुन्हा असं झालं तं डाव गेला समजा, काका."

दामिनीने थोडा विचार केला आणि त्याच घोड्याने तोच वजीर मारला. "पण तुमची चाल एक नंबर होती, आजोबा," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर आपली पाळी नसली की चंपतराव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. शेवटी दामिनीचा हत्ती एका चालीत मात करू शकेल, अशी वेळ आली. तिला ती चाल दिसेना. चंपतरावांना दिसत होती. दामिनीची तबकडी चालत होती. मला थांबता येत नव्हते. चंपतरावांनी मांडीखालचे हात काढले नाहीत.

"शह," दामिनी एकदम म्हणाली. "आणि मात... हो ना?"

"हो वं पोरी. मात."

दोघांनी हात मिळवले. डाव पुरा झाला होता. खेळ संपला की मोहरे पुन्हा मांडून ठेवायची रीत असते. चंपतरावांनी आपले मांडले आणि सवयीने दामिनीच्या राजाकडे हात नेला.

"राहू द्या ना आजोबा," ती मायेने म्हणाली. "माझे मी मांडते."

हात पटावर तसाच राहिला. मग चंपतराव रडू लागले. भरल्या सभागृहात, तोंड न झाकता. आपण काय वाईट बोललो, हे त्या मुलीला कळेना. ती बिचारी राजा हातात धरून उभी राहिली.

आता मी कपाटात असते. मला किल्ली द्या असे मी म्हणत नाही, मित्रांनो. माझे लाकूड चांगले आहे, ते टिकेल. पण वर्षानुवर्षे दुसऱ्याचे हात झालेला आणि आता रिकामा बसलेला कोणी माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याला काहीतरी करायला सांगा. दप्तराचा पट्टा लावून मागा. संत्रे सोलून मागा. तुमचे तुम्हाला येत असले, तरी मागा.