खिडकीपाशी बसलेली आई

मित्रांनो, मला डोके आहे, पण चेहरा नाही. मी शिवणाच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. अंग कापडाचे, आत भुसा, आणि पायांच्या जागी खाली-वर होणारा लोखंडी दांडा. आमच्या शिवणवाल्या बाईंनी मला स्वतःच्या मापाने बनवून घेतले. बावीस वर्षे त्यांनी माझ्या अंगावर कपडे बेतले, टाचण्या टोचल्या. "तुझ्याएवढं गप्प गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं," असे म्हणायच्या. मी फुशारून जायचो.

पन्नाशीला टेकल्या, पाळी थांबत आली, आणि बाई बदलल्या. ऐन थंडीत त्यांना घाम फुटायचा. मग स्वेटर काढून त्या माझ्या अंगात घालायच्या. कात्री हातात घेतली की छातीत धडधडायचे. डोळे विनाकारण भरून यायचे. नवऱ्याला सांगितले, तर तो म्हणाला, "वयाचं असतं गं. होईल नीट."

एका सकाळी त्यांनी स्वेटर माझ्या अंगात घालून गळ्यापर्यंत बटणे लावली आणि डोक्याला आपला स्कार्फ गुंडाळला. दांडा खाली केला आणि मला मागच्या खिडकीपाशी, मशीनसमोर, दाराकडे पाठ करून बसवले. "बघू या, कोणाला कळतंय," असे पुटपुटून त्या कपडे बदलायच्या पडद्याआड जाऊन बसल्या.

नवरा आला. "अगं, किल्ल्या कुठंयत? असू दे, सापडल्या!" आणि गेला. मुलगी दारातूनच म्हणाली, "आई, येते गं!" शेजारीण तर उंबऱ्यात उभ्याउभ्या दहा मिनिटे सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. "तुझ्याशी बोललं की कसं हलकं वाटतं," म्हणाली आणि गेली.

बाई पडद्याआडच बसून राहिल्या.

तीन दिवस, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, हेच चालले. स्वेटरमधली बाईंची ऊब माझ्या भुशात उतरू लागली. मित्रांनो, खरे सांगतो, मला भीती वाटली ती निराळीच. "आई" अशी हाक आली की मला ओ द्यावीशी वाटू लागली. आणि पडद्यामागचा श्वास रोज थोडा कमी ऐकू यायचा.

चौथ्या दिवशी मुलगी दारात थबकली.

"आई, स्वेटर? तोही गळ्यापर्यंत बटणं लावून? तुला तर हल्ली अंगावर काही सहन होत नाही!"

जवळ येऊन तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. टाचणी टोचली. ती किंचाळली, आणि पडद्याखालून आईची पावले दिसताच धावत जाऊन तिने पडदा ओढला.

बाई स्टुलावर घामाने चिंब बसल्या होत्या.

"चार दिवस झाले," त्या हळूच म्हणाल्या. "मी नसले तरी चालतंय की तुमचं. मला सगळ्याचीच भीती वाटते गं."

मुलगी कामावर गेली नाही. आईचे सगळे सांगून होईपर्यंत ती तिथेच जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "या वयात मनही आजारी पडू शकतं. त्यावर उपचार आहेत. नुसतं सोसत बसायचं नाही."

उपचार चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. मुलगी आता रोज जवळ येऊन आईचा चेहरा पाहते, मगच निघते. मी कोपऱ्यात उघडाच उभा असतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरात कोणाला हाक मारलीत, तर उत्तर येईपर्यंत थांबत जा. नाहीतर एखाद्या दिवशी ओ मी देईन.