युरानी न सांगता गेली

मित्रांनो, गराजमध्ये रंगाचे डबे डोक्यावर घेऊन बसलेला हा दोन पायऱ्यांचा मळकट बाक म्हणजे मी. आता माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एके काळी मात्र अमेरिकेतल्या डुलुथ या थंड गावातल्या या घराच्या स्वयंपाकघरात माझ्यावाचून पान हलत नसे.

आरविड आजोबांनी बर्चच्या लाकडाच्या उरलेल्या फळ्यांतून मला नातीसाठी घडवलं. माझ्या कडा ते इतक्या घासत बसले की आजी वैतागली. "आरविड, बास की आता! त्याला काय नवरदेव करून मिरवणार आहेस?"

माझं काम एकच होतं, छोट्या टिल्डाला ओट्यापर्यंत पोचवायचं. मला माणसं पायांवरून कळतात. टिल्डाची आई ग्रेचेन इस्पितळात डॉक्टर होती आणि तिचे पाय सदा घाईत असत. बाबा टॉडचे पाय आठवड्यातून चार दिवस घरातच नसत. म्हणून टिल्डा तीन वर्षांची असताना त्यांनी ओ पेअर ठेवायची ठरवली. ओ पेअर म्हणजे परदेशातून येणारी तरुण मुलगी. तिने घरातच राहायचं, मूल सांभाळायचं, भाषा शिकायची आणि वर्ष भरलं की परत जायचं. ग्रेचेन पाच जणींशी व्हिडिओवर बोलली. चौघींनी आपले अनुभव सांगितले. कोलंबियाच्या युरानीने मात्र आधी टिल्डाला विचारलं, "तुझ्या त्या अस्वलाचं नाव काय गं?" तिथेच निवड झाली.

लोकरीचे दोन-दोन मोजे चढवूनही युरानीचे पाय गार असत. रोज सकाळी ती मक्याच्या पिठाच्या अरेपा थापायची. टिल्डा माझ्यावर उभी राहून तिच्यासोबत थापायची.

"अगं, ही अरेपा आहे की बर्फावरच्या हॉकीची चकती?" युरानी विचारायची.

"चकतीच! ही बाबांना देऊ!"

दोघी इतक्या हसायच्या की मी डगमगायचो. खरं सांगतो, तेवढं सुखाचं ओझं मी पुन्हा कधी उचललं नाही.

जानेवारीत वर्ष भरलं. ओ पेअर ठेवणाऱ्या पालकांच्या गटात ग्रेचेनला कुणीतरी सल्ला दिला होता, की मुलांना निरोप दाखवू नये, उगाच रडारड होते.

"टिल्डा शाळेत असताना तू नीघ," ती युरानीला म्हणाली.

"मला सांगू दे ना तिला. मीच समजावते."

"आठवडाभर रडेल गं ती. तिच्या भल्यासाठीच म्हणतेय मी."

ग्रेचेन दुष्ट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. युरानी मात्र दुसऱ्याच्या घरात राहत होती. तिने मान खाली घातली.

निघायच्या सकाळी तिने ढीगभर अरेपा केल्या. "आज एवढ्या कशाला?" टिल्डाने विचारलं. "उद्यासाठी," असं म्हणून युरानीने तिच्या टोपीची गाठ बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. टिल्डा शाळेत गेली. तासाभराने बर्फात गाडी आली आणि दोन बॅगा घेऊन युरानीही गेली.

दुपारी टिल्डा घरी आली तर युरानीची खालची खोली रिकामी दिसली. "ती सुट्टीवर गेलीय," ग्रेचेन म्हणाली. टिल्डाने मला ओढत खिडकीपाशी नेलं. त्यानंतर रोज दुपारी ती माझ्यावर उभी राहून रस्त्याकडे पाहायची.

नवी मुलगी येणार होती तेव्हा स्वागताचा फलक रंगवायला ग्रेचेनने टिल्डालाच बसवलं. टिल्डाला अजून वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, सुट्टी संपली, युरानी येतेय. तिने फलकावर पिवळ्या गोल अरेपा काढल्या. दार उघडलं तर जर्मनीची वीबके उभी होती, हसतमुख आणि अगदी निरपराध. टिल्डाने फलक खाली ठेवला आणि विचारलं, "तूपण मी शाळेत गेल्यावर जाणार का?"

ग्रेचेन मटकन माझ्यावर बसली. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तिने लगेच युरानीला व्हिडिओवर बोलावलं. पडद्यावर युरानी रडत हाका मारत होती, "टिल्डा, राणी, एकदा तोंड तरी दाखव!"

टिल्डा जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. तिथूनच ती म्हणाली, "आई, तिला सांग, मी शाळेत गेलेय."

यानंतर माझ्यावर उभं राहून कुणी अरेपा थापल्या नाहीत. टिल्डा उंच झाली आणि मी गराजमध्ये आलो. त्याचं मला दुःख नाही, बाकांचं असंच होतं. मित्रांनो, माझ्यावर रंगाचे डबे ठेवा, पाय पुसा, मी चालवून घेईन. पण तुमच्या घरातून तुमचं लाडकं माणूस जाणार असेल तर मोठ्यांना हट्टाने सांगा, की आम्हाला दारात उभं राहू द्या. आम्ही रडू, पण आम्हाला रडू द्या.