तेवीस नंबर कोणाचा

आमच्या वस्तीतल्या वायफायची गोष्ट सांगायची तर चौदा नंबरच्या भांडणापासूनच सांगावी लागेल.

अल्लीपुरात आमच्या विहाराला लागून अभ्यासिका आहे. पोरंपोरी तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, निदान पुस्तक उघडं ठेवून बसतात. तिथलं वायफाय केबलवाल्या रोशनने लावून दिलेलं. गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्या वायफायच्या डब्याचं डोकं फिरलं. आधी तो प्रत्येक फोनला आपोआप एक पत्ता वाटायचा, ते त्याने बंद केलं. फोन नुसते 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत गोल गोल फिरत बसायचे. नवा डबा आणायचं दर बैठकीत ठरतं आणि चहाबरोबर संपतं. मग रोशनने तोड काढली. पत्ता प्रत्येकाने आपल्या हाताने टाकायचा. सेटिंगमध्ये जायचं, वायफायचं नाव दाबायचं, 'स्टॅटिक' निवडायचं आणि आकडे भरायचे. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, इथवर सगळ्यांचं सारखं. शेवटचा आकडा मात्र ज्याचा त्याने वेगळा ठेवायचा. एका आकड्यावर दोन फोन बसले की ते एकमेकांना ढकलतात आणि दोघांचंही नेट तुटतं, हे त्याने विहारातल्या माइकवरून दोनदा सांगितलं.

एवढं सांगितल्यावर काय झालं? अख्ख्या वस्तीने चौदा टाकला. चौदा एप्रिल, दुसरं काय! उरलेल्यांनी छप्पन टाकला, कारण छप्पन साली आमच्या माणसांनी दीक्षा घेतली. कोणाचंच नेट चालेना आणि जो तो म्हणे, मी आधी घेतला. शेवटी चौदा अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरला देऊन टाकला. छप्पन मिळाला रुख्माबाईंना, कारण दीक्षेच्या दिवशी त्या आईच्या कडेवर नागपुरात होत्या आणि हे त्या कोणाला विसरू देत नाहीत. बाकीच्यांनी आपापलं बघा, असं मीच ओरडून सांगितलं. मी अंगणवाडी सेविका आहे. ओरडल्याशिवाय माझं एकही काम होत नाही.

मी माझ्यासाठी तेवीस घेतला. माझा मुलगा रत्नदीप तेवीस ऑगस्टचा. या आकड्याला वस्तीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

बायका फोन घेऊन माझ्या ओसरीत यायला लागल्या. "माधवीबाई, माह्यावालं बी करून द्या नं." मी एकेकीला बसवून आकडे वाचायची, त्या टाकायच्या, चुकायच्या, पुन्हा टाकायच्या. आमचे हे, म्हणजे लहानूभाऊ, बाजूला बाजेवर तोंडावर दुपट्टा घेऊन पडलेले असायचे. यांना फोनचा राग. खरं म्हणजे राग फोनचा नव्हता, रत्नदीपचा होता.

रत्नदीपने हिंगणघाटला आयटीआय केलं, फिटर झाला. वीज खात्यात नोकरी लागली. यांनी वस्तीभर पेढे वाटले. सहा महिन्यांनी पोराने राजीनामा दिला आणि जहाजावर काम करायचं शिक्षण घ्यायला निघून गेला. आमच्या वर्धा जिल्ह्यातून समुद्र कुठे, तर शाळेच्या नकाशात. हे म्हणाले, "आपल्या घरात कोणी समुद्र पाह्यला नाई, अन् तू त्याच्यावर राह्याले चालला?" तो म्हणाला, "म्हणूनच चाललो, बाबा." तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. दोन वर्षं झाली. त्याने पहिल्या पगारातून बापासाठी भारी फोन पाठवला, तो यांनी डब्यासकट कपाटात ठेवून दिला. सिमही घातलं नाही. रत्नदीपचा फोन आला की हे पायात चप्पल सरकवून बाहेर. तो दरवेळी विचारतो, "बाबा कुठी हायेत?" आणि मी दरवेळी सांगते, "वावरात गेले." त्या वावराला इतक्या फेऱ्या खरंच झाल्या असत्या तर वावरातून डांबरी रस्ता झाला असता.

आता त्या रविवारचं सांगते.

बुधवारी रत्नदीपचा मेसेज आला होता. जहाज लाल समुद्राच्या त्या पट्ट्यातून जाणार, जिथे जहाजांवर हल्ले होतात. तेवढे दिवस कामगारांचं नेट बंद. रविवारी अकराच्या सुमाराला पट्टा ओलांडला की फोन करतो. काळजी करू नको. पोरांनी 'काळजी करू नको' लिहिलं की आईला घास गिळवत नाही, हे त्यांना कधी कळणार!

शुक्रवारी टीव्हीवर एक जहाज पेटलेलं दाखवलं. काळा धूर, खाली ज्वाळांनी लाल झालेलं पाणी. नाव सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले. हे उठले, टीव्ही बंद केला आणि बाहेर गेले. मला इतका संताप आला! पोटचा पोर तिकडे आगीत असेल की पाण्यात, आणि हा माणूस साधं 'घाबरू नको' म्हणत नाही. दगड तरी उन्हात तापतो.

त्यात गावाबाहेरच्या टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला गेलेल्या. मोबाइलला रेंज नावालाही नाही. आधार काय तो विहाराच्या वायफायचा. आमचं घर विहाराच्या भिंतीला लागून, म्हणून ओसरीत सगळ्या रेघा भरून येतात.

रविवारी सकाळी हे म्हणाले, "मी वावरात जाऊन येतो. तुरीवर अळी दिसते."

"जा," मी म्हटलं. "अळीची काळजी घ्या."

टोमणा कळला असेल, पण हे मुकाट गेले. विहारात रविवारची वंदना होती. मी गेले नाही. फोन मांडीवर घेऊन ओसरीत बसले.

अकरा व्हायच्या आधीच नेट तुटायला लागलं. रेघा भरलेल्या, पण काही उघडेना. वायफाय बंद करून चालू केलं की क्षणभर चालायचं, पुन्हा बंद. मी आकडे तपासले. सगळे जागच्या जागी. साऱ्या वस्तीला मी शिकवलेलं, माझंच चुकेल कसं?

आणि फोन वाजला. नंबर रत्नदीपचा नव्हता. पुढे कुठल्यातरी देशाचे परके आकडे. मी हिरवं बटण ओढलं. 'जोडत आहे' असं दिसलं आणि कटलं. पुन्हा वाजला, पुन्हा कटलं. रत्नदीप त्याच्या नंबरवरून का करत नाही? मागे त्यानेच सांगितलं होतं, काही झालं तर कंपनीची माणसं घरी कळवतात. कंपनीचा नंबर असाच परका असणार. कोणीतरी मला काहीतरी सांगू पाहत होतं आणि मला ते ऐकायचं होतं आणि ऐकायचंही नव्हतं.

मी अनवाणी विहारात धावले. वंदना नुकतीच संपली होती, बायका पांढऱ्या साड्यांत दारापाशी उभ्या होत्या. रोशन माइक आवरायला घेत होता, कारण केबलवाला तोच आणि माइकवालाही तोच.

"रोशन, पाह्य रे बाबू, हे काऊन कटून राह्यलं? माह्या पोराचा फोन येऊन राह्यला."

त्याने फोन हातात घेतला, बंद-चालू केला, मग स्वतःच्या फोनात काहीतरी पाहिलं. "काकू, तुमच्या नंबरवर दुसरं कोणी बसून राह्यलं. तुमी चालू केलं का थे पडते, थेनं चालू केलं का तुमी पडता. तुमचा नंबर कोणता?"

"तेवीस."

"तेवीस अजून कोणाचा हाये?"

"मले काय मालूम! कोणाले पायजे तेवीस?"

"तं तुमी दुसरा टाका नं."

टाकला असता. चाळीस, पन्नास, काहीही. पण घाईत एकदा आकडा चुकला, दुसऱ्यांदा पानच बंद झालं. तेवढ्यात हातातला फोन तिसऱ्यांदा वाजला आणि तिसऱ्यांदा कटला. माझं डोकं फिरलं. मी रोशनजवळचा माइक ओढला. तो चालू होता. वर भोंगाही चालू होता.

"कोणाच्या फोनात तेवीस नंबर हाये?" माझा आवाज अख्ख्या वस्तीवर गेला. "ज्याच्या फोनात हाये थ्यानं आत्ताच्या आत्ता वायफाय बंद करा! माह्या रत्नदीपचा फोन येऊन राह्यला, अन् तुमी काय पिच्चर पाहून राह्यले का? चौदासाठी भांडले, छप्पनसाठी भांडले, आता माह्या पोराचा नंबर बी तुमाले पायजे का?"

रुख्माबाई हळूच म्हणाल्या, "बाप्पा! माह्यावाला तं छप्पन हाये."

मग विहाराच्या मागून, पिंपळाच्या बाजूने, आमचे हे आले. वावरात गेलेले. हातात तो कपाटातला फोन, वरचा प्लास्टिकचा कागदही अजून काढलेला नाही. दारातल्या बायकांनी वाट दिली. हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे खाली बघत म्हणाले, "माह्या फोनात हाये. तेवीस. बंद केलं म्या."

माइक अजून चालूच होता, म्हणून हे वाक्यही साऱ्या वस्तीने ऐकलं.

"तुमी?" मी म्हटलं. "तुमाले आकडे टाकता येते?"

"तू रोज ओसरीत सांगत नव्हती का? पाठ झाले."

"अन् तुमी काय पाहून राह्यले त्याच्यात?"

रोशननेच सांगितलं. जगभरातली जहाजं कुठे आहेत हे नकाशावर दाखवणारं एक पान असतं. रत्नदीपचं जहाज त्यात शोधून कसं बघायचं, हे यांनी रोशनकडून शिकून घेतलं होतं, कोणाला सांगू नको म्हणून बजावून. मी अंगणवाडीत गेले की हे पिंपळाखाली बसून जहाज बघायचे. मी तिकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून आमचे फोन कधी एकमेकांवर आदळले नाहीत.

"मले काय मालूम काकू, का भाऊ बी तेवीसच टाकतीन," रोशन म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. तोच परका नंबर. यांनी माझा हात धरला. चारचौघांत, विहारात, लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. मी बटण ओढलं. जोडलं गेलं, आणि तुटलं नाही.

"आई! कवाचा लावून राह्यलो मी. उचलत काऊन नाई?"

मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. पोर तिकडून घाबरून 'आई, आई' करत होतं. त्याचा फोन इंजिनाच्या खोलीत पडून फुटला होता, म्हणून सोबतच्या माणसाच्या फोनवरून करत होता. जहाज पट्ट्याबाहेर आलं होतं. टीव्हीवरचं जहाज दुसरंच. सगळे धड होते. स्वयंपाक्याला तेवढा ताप होता. छातीवरून कोणीतरी जात्याची तळी उचलून बाजूला ठेवावी तसं मला वाटलं. रुख्माबाईंनी वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं मोठ्याने "साधू, साधू, साधू" म्हटलं आणि बायका हसायला लागल्या, डोळे पुसत.

"बाबा वावरात गेले असतीन नं," रत्नदीप म्हणाला. विचारलंसुद्धा नाही त्याने, सवयीने नुसतं म्हणाला.

"नाई," मी म्हटलं. "इथंच हायेत. घे, बोल."

मी फोनचा स्पीकर लावून तो यांच्यापुढे धरला. यांनी घसा साफ केला. पुन्हा केला. मला वाटलं, आता हे चप्पल शोधतात.

"चार दिस झाले," हे म्हणाले, "तुहं जहाज नकाशात दिसून नाई राह्यलं."

मग रत्नदीपचा आवाज आला, अगदी बारीक. "त्या पट्ट्यात थे यंत्र बंद ठेवतात, बाबा. कोणाले दिसू नाई म्हणून. तुमी... तुमी पाह्यता?"

"पाह्यतो नं. या खेपेले तू मुंबईहून निंगाला तवापासून पाह्यतो. मांगच्या मैन्यात सहा दिस एकाच जागी उभे होते तुमी. काय झालतं?"

"नंबर नव्हता लागला बंदरात."

"हां. मले वाटलं, इंजिन बिघडलं असन. फिटर तूच नं?"

"मीच, बाबा."

हसल्यासारखा आवाज आला, की रडल्यासारखा, मला कळलं नाही. यांचीही मान खाली होती. रोशनने उठून माइक बंद केला. इतका वेळ साऱ्या वस्तीने फुकटात ऐकलं होतं.

"पण नेट काऊन कटत होतं?" रत्नदीपने विचारलं. मी सांगितलं, तुझ्या बापाने माझ्याच आकड्यावर फोन बसवला होता.

"तेवीस? बाबा, तुमी चौदा घ्याचा नं. नाई तं छप्पन."

"चौदा साऱ्या दुनियेचा हाये," हे म्हणाले. "तेवीस माह्या पोराचा हाये."

फोन पुढे बराच वेळ चालला. बाप इंजिनाबद्दल विचारत होता आणि मुलगा सांगत होता, दोन वर्षांचं साठलेलं. मला कोणी मधे घेतलं नाही, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

घरी आल्यावर यांनी तो नवा फोन माझ्यापुढे ठेवला. "मी चोवीस टाकतो. तू राहू दे तेवीस."

"चला, काई गरज नाई," मी म्हटलं.

मी माझा फोन उघडला, वायफायचं नाव दाबलं आणि शेवटचे दोन आकडे पुसून चोवीस टाकला. तेवीस यांच्याकडे राहू दिला. मग यांच्या फोनवरचा तो प्लास्टिकचा कागद मी नखाने काढून टाकला.