गाठींची बाजू

"आजी, काचेला हात नका लावू. डाग पडतात."

यमुनाबाईंनी हात मागे घेतला, पण त्या फोटोसमोरून हलल्या नाहीत. मांजरी गावाहून दोन बस बदलून, विचारत विचारत त्या कसबा पेठेतल्या या सभागृहात पोचल्या होत्या. परवाच्या पेपरात प्रदर्शनाची बातमी होती आणि बातमीबरोबर एका छोट्या विमानाचा फोटो. विमान त्यांनी बघताक्षणी ओळखलं. मुलगा आनंद हैदराबादला, त्यामुळे जाऊ का म्हणून विचारायचं असं घरात कुणी नव्हतं. कुलूप लावलं आणि निघाल्या.

भिंतींवर पन्नासेक फोटो होते. मांजरीच्या पुढच्या माळावर पूर्वी एक छोटा विमानतळ होता, एक पत्र्याची शेड आणि मुरुमाची धावपट्टी. तिथले हे सगळे फोटो. दोन माणसं बसतील एवढी विमानं, लाकडाची न् नळ्यांची, वरून कापड चढवलेली. प्रत्येक फोटोखाली विमानाचं नाव, साल, शेजारी उभ्या वैमानिकाचं नाव. यमुनाबाईंसमोरच्या फोटोत मात्र वैमानिक नव्हता. विमानाचा एक सुटा पंख लाकडी घोडीवर उभा केलेला, आणि त्याच्यापुढे पाटावर बसलेली, पदर खोचलेली एक बाई. हातात वीतभर लांब सुई. कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

खाली लिहिलं होतं : 'पुष्पक विमानाची दुरुस्ती, १९७४. एक कामगार स्त्री.'

काचेला हात लावू नका म्हणणारा तरुण जवळ आला. त्याचं नाव सलिल. फोटो त्याच्या आजोबांनी काढले होते. आजोबा पेशानं डॉक्टर, पण रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून विमान शिकायला जायचे. ते गेल्यावर माळ्यावर दोन ट्रंका भरून फोटो सापडले.

"आजी, कुणाबरोबर आलात आपण?"

"एकटीच. मी तिथं कामाला व्हते."

"विमानतळावर?" सलिल त्यांच्याकडे, मग फोटोकडे, पुन्हा त्यांच्याकडे बघू लागला. "एक मिनिट! ह्या तुम्ही का? ओ माय गॉड! आजी, थांबा, इथे शेजारी उभ्या राहा. मी फोटो काढतो, उद्याच्या पेपरला देतो."

यमुनाबाईंनी पुन्हा फोटोतल्या बाईकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर नाही म्हणणारं आता कोण उरलं होतं? शेडमधले इंजिनीअर गेले, हेल्पर गेले, विमानतळ जाऊन तिथे बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. सलिलनं मोबाइल वर धरला होता.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या. "ही मुक्ता. मुक्ताई भालेकर. खडकीहून यायची."

"मग तुम्ही कुठल्या फोटोत आहात?"

"ह्याच्यातच. मी पंखाच्या पल्याड हाय."

सलिलला कळेना. त्यांनी बोट दाखवलं, या वेळी काचेपासून थोडं दूर धरून. पंखाच्या खालच्या कडेशी, घोडीच्या पायांमधून, पलीकडे बसलेल्या कुणाची तरी दोन पावलं दिसत होती. बोटांत जोडवी.

"पंखाला कापड शिवायला दोघी लागायच्या," यमुनाबाई सांगू लागल्या. "एक हिकडं, एक तिकडं. हिकडनं सुई घातली की तिकडच्या बाईनं वढायची, पंखातल्या पट्टीला वेढा द्यायचा न् परत धाडायची. एका बाजूला गाठी मारायच्या. दर तीन बोटांवर एक गाठ. दिसभर एकमेकीचं तोंड दिसायचं न्हाई, पर बोलणं चालूच. तिच्या सासूचं, माझ्या पोराचं. गाठीची बाजू अदलून बदलून घ्यायचो, बोटं सोलवटायची म्हणून."

सलिल आता रेकॉर्डिंग करत होता. "ग्रेट! आणि ह्या मुक्ताबाई? किती वर्षं होत्या तिथे?"

"चार. मग काढून टाकली."

"का?"

यमुनाबाईंनी पदरानं ओठ पुसले. "जरा पाणी मिळंल का?"

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की फोटोखाली मुक्ताचं नाव घाला. सलिलनं पेनानं तिथल्या तिथे 'एक कामगार स्त्री' खोडून 'मुक्ताई भालेकर' लिहिलं. "आणि पावलं? तुमचं नाव?"

"माझं नको." निघताना सलिलनं त्यांचा फोन नंबर मात्र घेऊन ठेवला.

बस हडपसरच्या गर्दीत अडकली, तेव्हा यमुनाबाईंना वाटलं, सांगून टाकायला हवं होतं.

पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी गाठींची बाजू यमुनेकडे होती. आनंद दीड वर्षाचा, तापानं फणफणलेला, घरी शेजारणीच्या मांडीवर ठेवून आलेली. हात चालत होते, जीव घरी होता. शेवटच्या पट्टीवर तिनं पाच-सहा गाठी अर्ध्याच मारल्या, एक वेढा देऊन सोडून दिल्या. वरून कापडाची फीत चिकटली, रंगाचे हात बसले, तपासनिसाच्याही नजरेतून ते सुटलं. आठ दिवसांनी विमान हवेत असताना पंखावरचं कापड त्या जागी फुग्यासारखं फुगलं. वैमानिक जाणता होता, त्यानं विमान कसंबसं खाली आणलं. कुणाला काही झालं नाही.

पण कापड उसवून तपासलं गेलं. साहेबांनी दोघींना शेडमध्ये उभं केलं.

"गाठी कोणाच्या?"

कोण कुठल्या बाजूला बसलं होतं हे दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मुक्तानं यमुनेकडे बघितलं. यमुनेनं खाली, मातीकडे. नवरा विहिरीच्या कामावर पाय मोडून घरी बसलेला, पोर आजारी. तिनं तोंड उघडलं नाही. मुक्ता थोडा वेळ थांबली. पुष्कळ थांबली, असं यमुनाबाईंना आजही वाटे. मग ती म्हणाली, "माझ्या."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. यमुना पुढे चौदा वर्षं तिथं शिवत राहिली. पलीकडे वेगवेगळ्या बाया बसल्या. कुणाशी बोलणं जमलं नाही. खडकी काही लांब नव्हती. पुढच्या महिन्यात जाऊ, दिवाळीला जाऊ, आनंद शाळेत गेला की जाऊ. गेलीच नाही. काय तोंड दाखवायचं, हा एक प्रश्न होता. आणि मुक्तानं दार उघडून हसून 'ये' म्हटलं असतं, तर ते सोसलं नसतं, हा दुसरा.

नवव्या दिवशी सलिलचा फोन आला. त्यानं तो फोटो नावासकट इंटरनेटवर टाकला होता आणि मुक्ताबाईंच्या नातीनं ओळखला होता. श्रद्धा तिचं नाव. "मुक्ताबाई अकरा वर्षांपूर्वी गेल्या, आजी. नातीला तुमच्याशी बोलायचंय. नंबर देऊ?"

नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला आणि दोन दिवस त्यासमोरून जा-ये केली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण न करताच त्यांनी फोन लावला.

"हॅलो? अय्या, आजी तुम्ही! थँक यू हां, नाव सांगितलंत म्हणून," पलीकडून श्रद्धा भरभरून बोलत होती. "आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. विमानं वगैरे. पप्पा तर म्हणाले, आई कधी कामालाच गेली नाही."

"कधीच बोलली न्हाई?"

"नाही ना. गोधड्या शिवायची, ते आठवतं. सगळ्या गल्लीच्या. पण दुसऱ्या कुणाला टाका घालू द्यायची नाही. मम्मीला पण नाही."

यमुनाबाईंनी भिंतीला हात टेकला. पन्नास वर्षं त्यांनी मनात एक घर धरलं होतं, जिथे आपलं नाव घेऊन शिव्या दिल्या जात असतील. त्या घरात आपलं नावच नव्हतं.

"बाळा, तुझ्या आजीला कामावरनं काढलं, ती तिची चूक नव्हती. माझी व्हती."

"कसली चूक?"

"गाठींची."

श्रद्धा समजूत घातल्यासारखी म्हणाली, "अहो आजी, जाऊ दे ना. इतकी जुनी गोष्ट. माझी आजी पण नाही आता. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"जाऊ दे म्हणू नकोस," यमुनाबाई म्हणाल्या. "माफ कर असं मी तुला म्हणत न्हाई. ते तुझ्या हातात न्हाई. तू निस्तं ऐकून घे. तुझ्या बापालाबी सांग. येळ हाय का तुला?"

श्रद्धाच्या बाजूनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कुठेतरी चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"सांगा, आजी," ती म्हणाली.

यमुनाबाई तिथेच फरशीवर मांडी घालून बसल्या, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सांगू लागल्या, "फेब्रुवारी महिना व्हता. गाठींच्या बाजूला मी बसले व्हते."