सरासरी अकरा मिनिटं

"आजवर पृथ्वीवर जी जी माणसं जन्माला आली, ती सगळी अंदाजपंचे जन्माला आली. तयारी करून, कागदावर मांडून, ठरल्या तारखेला जन्माला येणारं पहिलं मूल आपलं असेल!"

तपासनिसाने ही घोषणा एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून केली. हातात पट्टी होती. समोर चौकटी आखलेला भलामोठा कागद होता, आणि त्यात पुढच्या एप्रिलपासूनचा सगळा कार्यक्रम लिहिलेला होता. पहिले तीन महिने फोलिक ॲसिडच्या गोळ्या, रक्ततपासणी, दातांची तपासणी, सकाळी चालणं. मग दोन महिने प्रत्यक्ष प्रयत्न. घोषणा ऐकायला बायको मात्र हजर नव्हती. ती मोरीतल्या बेसिनवर वाकून ओकत होती. गेले बारा दिवस ती रोज सकाळी ओकत होती. तपासनिसाने त्याची नोंद 'पित्त' अशी केली होती.

बायको तोंड पुसत बाहेर आली. कागदाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "एप्रिलचं राहू द्या. दुकानातून ती तपासायची पट्टी घेऊन या."

तो पाच घेऊन आला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं. पाचही पट्ट्यांवर दोन दोन रेघा उमटल्या, तेव्हा त्याचा चेहरा पाहुणे न कळवता आल्यासारखा झाला.

"पण एप्रिल..." तो म्हणाला.

"त्याला सांगा मग," ती पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "परत जा आणि एप्रिलमध्ये ये."

तपासनीस बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात होता. दर हजार झाकणांतून पाच उचलायची, मापायची, सरासरी काढायची, आणि सरासरी बरोबर आली की हजारच्या हजार पास करायची, हे त्याचं काम. त्याच्या स्वतःच्या घरात एकाही बरणीला धड झाकण बसत नव्हतं, पण सरासरीने सगळी बसत होती.

बायको बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसायची. अकरा वर्षं. काचेला खाली अर्धचंद्रासारखं भोक, त्यातून हनुवटीपासून छातीच्या खिशापर्यंत जेवढा माणूस दिसेल तेवढा दिसायचा, आणि तेवढ्यावर तिला उरलेला माणूस कळायचा. फुशारकी मारणारा कोण, सुट्टे असून नोट पुढे करणारा कोण, चुकीच्या गावाचं तिकीट घेऊन संध्याकाळी भांडायला येणारा कोण, हे ती तीन सेकंदांत ओळखायची. फसली ती एकदाच. एक माणूस रोज संध्याकाळी पुढच्याच थांब्याचं तिकीट काढायचा, नेमके सुट्टे ठेवायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. तिला वाटलं, किती मितभाषी माणूस! लग्नानंतर कळलं, की काचेतून आवाज नीट येत नव्हता.

तर आता कागद बदलला. एप्रिलचा कार्यक्रम खोडला गेला आणि त्याजागी फाइल आली. गावातल्याच हॉस्पिटलात नाव घातलं. तिथे होणाऱ्या आईबापांसाठी दर शनिवारी बाळंतपणाचा वर्ग चालायचा. खोली तळमजल्यावर, एक्सरेच्या शेजारी. भिंतीवर गर्भाशयाचं चित्र, त्यावर कुणीतरी फोन नंबर लिहिलेला. आठ खुर्च्या, त्यांतली एक डगमगती. वर्ग घेणाऱ्या सिस्टर कापडी बाहुली हातात घेऊन ती प्लॅस्टिकच्या कंबरेच्या हाडातून बाहेर कशी येते ते दाखवायच्या. बाहुली दर वेळी अडकायची. सिस्टर दर वेळी म्हणायच्या, "खरं बाळ असं अडकत नाही," आणि बायका एकमेकींकडे बघायच्या.

तपासनीस पहिल्या रांगेत. आठही शनिवार. प्रश्न विचारायला हात वर. "कळ कुठून कुठपर्यंत मोजायची? सुरुवात ते सुरुवात की शेवट ते सुरुवात?" सिस्टर म्हणाल्या, सुरुवात ते सुरुवात. त्याने ते दोनदा अधोरेखित केलं. बाकीच्या नवऱ्यांनी घड्याळात बघितलं. बायकोला दोन शनिवारी ड्यूटी होती, त्यामुळे शेवटी 'प्रसूतीसाठी पूर्ण सज्ज' असं प्रमाणपत्र मिळालं ते तपासनिसाला. तिला मिळालं नाही. हजेरी कमी पडली. त्याने प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि फाइलच्या पहिल्या पानाला लावलं.

सिस्टरनी वर्गात एक नियम सांगितला होता: कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या, की निघायचं. उगाच आधी येऊन कॉरिडॉर अडवायचा नाही. नियम ऐकून तपासनिसाला भरून आलं. बाळंतपणातही पास-नापासाची रेघ असते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नवव्या महिन्यातल्या तपासणीला मात्र डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. "तुमचं प्रेशर वर आहे. सगळ्यांचा नियम तुम्हाला नाही. पहिली कळ आली की उठायचं आणि यायचं. घरी वाट बघत बसायचं नाही. कळलं?"

तिला कळलं. तपासनीस त्या वेळी बाहेर फाइलच्या झेरॉक्स काढत होता. घरी आल्यावर तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "लेखी आहे का?"

"डॉक्टर माझ्याशी बोलल्या हो. तोंडानं."

"तोंडी सूचना. बरं." त्याने फाइलच्या मागच्या कप्प्यात एक चिठ्ठी सरकवली. त्या कप्प्यात गेलेली गोष्ट पुन्हा कधी उजेडात आल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

मग उरला पास. प्रसूतीच्या खोलीत बाईबरोबर एकच माणूस, आणि त्याचं नाव आधी लिहून द्यायचं. सासूबाईंनी लगेच पदर खोचला. "मी जाणार. मला तीन झाली, तिन्ही त्याच हॉस्पिटलात. हूं की चूं केलं नाही मी. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलं नाही, माझं झालंसुद्धा." हे वाक्य गेली पस्तीस वर्षं घरात फिरत होतं, आणि सूनबाई पायरीवर ठेचकाळून 'आई गं' म्हणाली तरी ते ऐकवलं जायचं.

"आई, तुझं प्रशिक्षण झालेलं नाही," तपासनीस म्हणाला.

तिला खरं तर एवढंच हवं होतं: वेळेत पोहोचायचं, आणि आत कुणीतरी हात धरून गप्प बसावं. घरातल्या दोन उमेदवारांत गप्प बसणारं कुणीच नव्हतं. शेवटी तिला ती पुढच्या थांब्याची तिकिटं आठवली आणि तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. माणूस एकदा फसला की पुन्हा त्याच खिडकीवर जातो.

कळा सुरू झाल्या त्या रविवारी सकाळी नऊ वाजता, चहा गाळताना. तिने गाळणी खाली ठेवली. "चला. निघायचं."

तपासनिसाने कारखान्याचं स्टीलचं स्टॉपवॉच काढलं. दर सेकंदाला टकटक करणारं, मनगटाएवढं जाड. "बस तू. पुढची येऊ दे."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"अगं, एका नमुन्यावरून?"

"ह्या काय कळा म्हणायच्या," सासूबाई बिस्किट बुडवत म्हणाल्या. "मी तर कळा येत असताना घर सारवलं... आपलं, पुसून घेतलं होतं. हूं की चूं नाही."

वीस मिनिटांनी दुसरी आली. मग अठरा. मग पंधरा. तपासनीस तक्त्यात आकडे भरत होता, प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढत होता. बारा. नऊ. तिने टेबलाची कड धरली. सहा. तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार. पुन्हा चार.

"अहो," ती दात आवळून म्हणाली, "चार मिनिटांवर आल्यात."

"दोनच. आधीच्या विसरतेस तू." त्याने बेरीज केली, भागाकार केला, उत्तराभोवती गोल काढला आणि तक्ता तिच्यापुढे धरला. "सरासरी अकरा मिनिटं. पाचला यायला अजून वेळ आहे. घाबरू नकोस, सगळं मर्यादेत आहे."

तिने कागदाकडे बघितलं. झाकणं पास करायची ती हीच रीत. त्या गोलात अडकलेला अकराचा आकडा आणि आपलं ठणकणारं डोकं, यांचा काही म्हणजे काही संबंध नव्हता.

"पहिले आकडे काढून टाका."

"नमुना काढून टाकता येत नाही! तो घोटाळा होतो."

"मग घोटाळा करा!"

"तू चिडतेयस," तो समजुतीने म्हणाला, "हे वर्गात सांगितलं होतं. दुसरा शनिवार. तू नव्हतीस. बरं, मी बॅग तपासून घेतो, तोवर नववं माप होईल." आणि तो एक्केचाळीस वस्तूंची यादी घेऊन आतल्या खोलीत गेला. एक्केचाळिसावी वस्तू ती यादीच होती.

ती उठली. आतून आवाज येत होता: "टॉवेल, दोन. आहेत." तिने कपाटावरचं हॉस्पिटलचं कार्ड घेतलं, चपला घातल्या आणि खिडकीत बसून अकरा वर्षं ज्या सुरात माणसं हलवली त्या सुरात म्हणाली, "पुढचे!"

सासूबाई बिस्किट टाकून उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाही कळलं नाही. तो सूरच तसा होता. कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली. टॅक्सीत सूनबाईने तीन वेळा सासूबाईंचा दंड असा आवळला, की तिसऱ्या वेळी सासूबाईच 'आई गं' म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या दाराशी काचेची खिडकी, खिडकीत वॉचमन. अर्धचंद्रातून त्याचा हात बाहेर आला.

"पेशंटनी आत जायचं. सोबतचा पास?"

पास फाइलीत. फाइल घरी. घरी तपासनीस मोज्यांपर्यंत पोहोचला असावा.

"पास नाही तर सोबत नाही," वॉचमन म्हणाला. तिने भोकातून त्याच्याकडे बघितलं. हनुवटी ते खिसा. हा बधणार नाही, हे तिला तीन सेकंदांत कळलं. आपणही बधलो नसतो. ती एकटीच भिंतीला धरून निघाली.

तेवढ्यात आतून आयाबाई चाकाची खुर्ची ढकलत आल्या. केस पिकलेले, चाल तुरूतुरू. त्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं, सहज मागे बघितलं आणि थबकल्या.

"अहो बाई! तुम्ही त्या ना? डॉक्टरांचा कान धरला होता त्या?"

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"मी नवीनच लागले होते हो, वीस वर्षांची. काय ओरडलात! रस्त्यावरची माणसं आत विचारायला आली. डॉक्टरांचा कान सोडवायला दोन सिस्टर लागल्या! त्यानंतरच तर तो नियम झाला, की पेशंटचे हात मोकळे ठेवायचे नाहीत, सोबतीच्या माणसानं धरून ठेवायचे." मग वॉचमनकडे वळून, "ह्यांना सोड रे. ह्या पासाच्याही आधीच्या आहेत."

सासूबाई आत आल्या त्या अगदी लहान होऊन आल्या. पस्तीस वर्षांचं वाक्य दारातच राहिलं.

सिस्टरनी तपासलं आणि ओरडल्या, "आठ सेंटिमीटर! घरी काय करत होतात?"

"सरासरी काढत होतो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि या वेळी पुन्हा बांधला नाही. भराभर सुई, सलाईन, माणसांची धावाधाव. सासूबाईंनी सुनेचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. एकदाच सुनेने ओठ दाबून आवाज आत घेतला, तेव्हा त्या कानाशी वाकल्या. "ओरड गं. मोठ्यानं ओरड. मी काय तोंड घेऊन कुणाला सांगणार?"

ती ओरडली. रस्त्यावरची माणसं आत आली नाहीत, पण वॉचमन खिडकीतून उठला म्हणे.

तपासनीस पोहोचला तेव्हा त्याच्याकडे बॅग होती, फाइल होती, पास होता, प्रमाणपत्र होतं. वॉचमनने सगळं शांतपणे बघितलं. प्रमाणपत्र उलटून मागची बाजूही बघितली.

"एकच माणूस आत. गेलंय एक."

"पण नाव माझं आहे! मी पूर्ण सज्ज आहे, हे बघा!"

"मग सज्ज बसा," वॉचमन म्हणाला आणि बाकाकडे बोट दाखवलं.

पावणेबाराला मुलगी झाली. अडीच किलोला थोडी जास्त, रंगाने लालबुंद, कुणाशीच सहमत नसल्यासारखा चेहरा. प्रेशर हळूहळू उतरलं. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. बाकावरच्या माणसाच्या मांडीवर तक्ता होता. त्यांनी तो वाचला, गोलातला अकरा वाचला.

"अर्धा तास उशीर झाला असता," त्या म्हणाल्या, "तर मी तुमच्याशी हे वेगळ्या आवाजात बोलले असते. कळा येणारी बाई घरी एकच होती ना तुमच्या? सरासरी कुणाची काढत होतात?"

आयुष्यात पहिल्यांदा तपासनिसाने तक्ता घडी करून खिशात घातला, तोही उभा-आडवा कसाही.

त्याला आत सोडलं ते तासाभराने. दारातच आयाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हाच का तेव्हा झालेला तो? ह्याच्यासाठी एवढा आरडाओरडा?" असं म्हणून त्या गेल्या. सासूबाई कोपऱ्यात स्टुलावर दंड चोळत बसल्या होत्या. खाटेवर बायको, तिच्या कुशीत गुंडाळलेलं बोचकं.

तपासनीस खाटेपाशी उभा राहिला. बाकावर बसून त्याने वाक्य जुळवलं होतं, आणि ते मोठं होतं. त्याने घसा खाकरला.

"आज मला एक गोष्ट कळली. माणसाचं आयुष्य हे कुठल्याही तक्त्यात, कुठल्याही मापात..."

तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. हनुवटी ते खिसा. खिशातून आवाज येत होता. टक, टक, टक. नववं माप अजून चालूच होतं.

"ते नंतर सांगा," ती म्हणाली. "आधी ते घड्याळ बंद करा. आत्ताच झोपलीय ती."