ग्लेन डूलीच्या सतरा मॅचेस

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन उन्हाळ्यात, कुलाराच्या धान्यकोठारापुढे ट्रकांची रांग लागते ती थेट कबरस्तानाच्या वळणापर्यंत. उन्हात दोन-दोन तास काढायचे म्हणजे बोलायला विषय लागतो, आणि त्या साली विषय एकच होता: अँगस पेरिनला गावच्या फुटबॉल क्लबात घ्यायचा की नाही.

ग्लेन डूली मचाणावर उभा होता. ट्रक खाली येऊन थांबला की लांब नळी गव्हात खुपसायची, थोडे दाणे ओढून घ्यायचे, ओल बघायची, प्रत ठरवायची. सोळा वर्षं हेच काम. वरून त्याला ट्रकवाल्यांची सगळी बडबड ऐकू यायची. ट्रकवाल्यांना वाटायचं, हा माणूस फक्त गहू बघतो.

"चौतीस वर्षांचा आहे तो," खाली बर्नी कॉफ्लन टीना वेबरला सांगत होता. बर्नी स्वतः एकसष्टचा. आयुष्यभर दुसऱ्यांचा गहू वाहिलेला, तरुणपणी क्लबासाठी दोनशे मॅचेस खेळलेला, आणि नंतरच्या सगळ्या कुंपणाला टेकून पाहिलेल्या. "चौतिशीतला बचावपटू म्हणजे गुडघे गेलेले, पाठ गेलेली. उरतं काय? तोंड."

"तोंडच पाहिजे आपल्याला," मागच्या ट्रकला टेकलेली टीना म्हणाली. "आपल्या मागच्या फळीत सहा पोरं आणि सहाही मुकी. चेंडू वरून येतोय आणि हे एकमेकांची तोंडं बघतायत. त्यातला एक माझा आहे म्हणून बोलते. घरातसुद्धा बोलत नाही मेला."

"मागच्या वेळी मिनबूलने किती हाणले गं आपल्याला?"

"मला कशाला विचारतोस, ग्लेनला विचार. फळ्यावर आकडे तोच लावतो."

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ग्लेन वरून म्हणाला.

"आणि आपले?"

"एकवीस."

बर्नी थुंकला. त्यांच्या फुटबॉलात चेंडू हातानेही झेलतात आणि एका गोलाचे सहा धरतात, पण इतका मार लाजिरवाणाच. दोन हंगामांत कुलाराने एकही मॅच जिंकली नव्हती. तिसरा हंगाम असाच गेला तर शेजारच्या गावचे मिनबूलवाले क्लब गिळणार, नावासकट, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि अँगस पेरिन साधासुधा खेळाडू नव्हता. शहरातल्या मोठ्या क्लबांत बारा वर्षं त्याने गोलाच्या तोंडाशी उभं राहून दांडगे दांडगे पुढचे गडी अडवले होते. आता बाप थकला, म्हणून पेरिनांची चार हजार एकर बघायला तो परत आला होता.

"खेळायचा प्रश्नच नाही," बर्नी म्हणाला. "प्रश्न गुणांचा होता."

या गुणांपायी गावात भांडणं झालेली आहेत. लीगचा नियम असा की बाहेरून आणलेल्या खेळाडूचे गुण मोजायचे, जितका नावाजलेला तितके जास्त. घरचा असला तर एकच गुण. संघाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. अँगस पाच गुणांचा. पाच धरले की बेरीज वर जाते आणि बाहेरूनच आणलेल्या कीरन पाइकला बाहेर बसवावं लागतं. आणि संघाचे निम्मे गोल एकट्या कीरनने मारलेले.

"होता म्हणजे?" टीनाने विचारलं.

"आपल्या अध्यक्षाने, क्रेगने, जुनी दप्तरं काढली. अँगस लहानपणी आपल्या चौदा वर्षांखालच्या संघात सतरा मॅचेस खेळलाय. घरचा धरायला पंधरा लागतात. म्हणजे आपलाच आहे तो. एक गुण! कीरनपण राहतो, अँगसपण येतो. आता बोल."

"अगं बाई," टीना म्हणाली. "मग अडलंय कुठे?"

मचाणावर ग्लेनची नळी गव्हात अर्धी रुतलेली राहिली. पुढच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा त्याने ती ओढून काढली, आणि ओल न बघताच प्रत लिहिली. मग खोडून पुन्हा बघितली.

त्या सतरा मॅचेस अँगस पेरिनच्या नव्हत्या. ग्लेनच्या होत्या.

तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आई नवऱ्याला सोडून पळून आली, पबमध्ये स्वैपाकाला राहिली, आणि मायलेक कॅरव्हॅन पार्कात एका पत्र्याच्या डब्यात राहायला लागले. रे स्टॅकपूल मुलांचा कोच. त्याने या पोराला संडासाच्या भिंतीवर चेंडू मारताना आणि परत आलेला प्रत्येक चेंडू झेलताना पाहिलं आणि संघात ओढला. पण जुन्या क्लबाची सोडचिठ्ठी लागते, आणि त्या क्लबाचा सेक्रेटरी कोण, तर आईने सोडलेला तोच नवरा. त्याने सही केली नाही. बायकोवरचा राग त्याने तेरा वर्षांच्या पोरावर काढला आणि वर नियमावर बोट ठेवलं.

मग रेने तोड काढली. पेरिनांचा अँगस त्याच एप्रिलात दूरच्या गिलाँग शहरातल्या मोठ्या शाळेच्या वसतिगृहात गेला होता, पण त्याचं नाव यादीत तसंच होतं. रे म्हणाला, त्याच्या नावावर खेळ. रेची बायको नोरा संघाची कागदपत्रं लिहायची. तिने दर शनिवारी लिहिलं: ए. पेरिन, फुलबॅक, म्हणजे गोलापुढचा शेवटचा बचावपटू.

बाहेरच्या गावांना काय कळणार? आणि आपल्या गावाला सगळं माहीत होतं. लोक हसायचे. मैदानावर "अँगस, मागे बघ!" अशी हाक यायची आणि पहिल्या मॅचला ग्लेनला कळलंच नाही की ती आपल्याला आहे. चौथ्या मॅचपासून तो त्या नावाला वळायला लागला. हंगाम संपला तेव्हा उत्कृष्ट बचावपटूचा चषक ए. पेरिनला जाहीर झाला. अँगसचा बाप, थोरला पेरिन, उठला, टाळ्या घेतल्या, आणि चषक घरी घेऊन गेला. का, तर नाव त्याच्या पोराचं होतं. पबमधल्या स्वैपाकिणीचं पोरगं भिंतीला टेकून बघत राहिलं. त्या खोलीत एकही माणूस उठून म्हणाला नाही की मिस्टर पेरिन, तो खाली ठेवा. एकही नाही. त्यातले निम्मे दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचे.

पुढच्या वर्षी हंगामाच्या आधीच ग्लेन गवताच्या गंजीवरून पडला आणि गुडघ्याची वाट लागली. त्याच्या आयुष्यातला फुटबॉल तेवढाच. सतरा मॅचेस.

अँगसचा ट्रक दुपारी आला. लाल चेहरा, रुंद खांदे, एक कान चुरगळलेला. त्याने खिडकीतून वर पाहिलं.

"ग्लेन, ओल किती?"

"साडेदहा. चांगला आहे."

ट्रक पुढे गेला नाही. अँगसने इंजिन बंद केलं.

"त्या सतरा मॅचेसचं ऐकलंस ना तू? मी काही मागितलं नव्हतं हं. क्रेगनेच शोधून काढलं."

"तू गिलाँगला होतास."

"हो रे. मी त्याला तेच म्हणणार होतो. तो इतका खूश होता, मला वाटलं, पूर्वीच्या वर्षीचं काहीतरी असेल. असेल ना? दहा वर्षांखालचं वगैरे?"

"दहाखालचा संघ तेव्हा नव्हता."

अँगसने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "मी खेळलो तर क्लब वाचेल, ग्लेन. हे मी बढाई म्हणून नाही सांगत."

"मला माहीत आहे. मी तुला टीव्हीवर पाहिलाय."

"मग?"

"मागे रांग आहे," ग्लेन म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पावात गुंडाळलेले सॉसेज, कांदा, बिअर. क्रेग टली हा अध्यक्ष. गावात येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, औषधाचं दुकान होतं, आणि क्लबासाठी तो खरोखर राबायचा. त्याला काही माहीत नव्हतं, त्याचा दोष नव्हता. त्याने जुनी वही वर धरली.

"सतरा मॅचेस," तो म्हणाला. "माणूस शहर गाजवून आला, पण मूळ कुलाराचंच."

टाळ्या पडल्या. ग्लेन दाराजवळ उभा राहून चेहरे बघत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत पन्नाशीच्या वरची पंधरा-वीस माणसं होती, ज्यांनी त्या वर्षी कुंपणाला टेकून त्याच्याच खेळाला दाद दिली होती. ती खोटं वागत होती असंही नाही. ती विसरली होती. वहीत अँगस होतं, म्हणून डोळ्यांपुढे आता अँगसच येत होता. पेरिनांचं पोरगं विसरायला गावाला शंभर वर्षं लागतात; कॅरव्हॅन पार्कातलं पोरगं विसरायला एक उन्हाळा पुरतो.

"लीगला फक्त एक सही हवी आहे," क्रेग म्हणाला. "तेव्हा खेळताना पाहिलेल्या कुणाचीतरी. ती अर्थातच नोराची."

नोरा स्टॅकपूल पुढच्या खुर्चीत बसली होती. पंचाहत्तर वर्षांची, रे जाऊन नऊ वर्षं झालेली. फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला गेला. तिने पेन उघडलं. मग मान वळवून तिने खोलीभर शोधलं आणि ग्लेनवर नजर थांबवली.

"मिसेस स्टॅकपूल," ग्लेन म्हणाला, "त्या मॅचेस माझ्या आहेत. तुम्हाला माहीत आहे."

आवाज मोठा नव्हता. पण माना दाराकडे वळल्या.

"काय म्हणतोय तो?" क्रेगने विचारलं.

"खरं म्हणतोय," नोरा म्हणाली. "नाव अँगसचं लिहायचे मी. खेळायचा हा. रेची कल्पना होती, पण हात माझा होता."

बर्नीने बिअरचा डबा खाली ठेवला. "ग्लेन, लेका, आम्हाला आठवलं आता. बरं. पण वीस वर्षं गप्प होतास ना? क्लब बुडायला आलाय आणि तू आज मॅचेस मोजत बसलास?"

"सतराच आहेत, बर्नी. मोजायला वेळ लागत नाही."

"त्याने तुझं काय जातंय? कागदावरच आहे सगळं."

"तुझ्या दोनशे आहेत. तिथे पाटीवर सोनेरी अक्षरांत. त्यातल्या सतरा माझ्या नावावर कर, मग माझ्या मी अँगसला देतो."

कुणीतरी फिसकन हसलं. बर्नी भिंतीवरच्या पाटीकडे बघायला लागला. एकही मॅच द्यायला तो तयार नव्हता.

नोराने पेनला टोपण लावलं. "मी एकदा खोटं लिहिलं, पोराला खेळायला मिळावं म्हणून. आता त्याच्याकडून काढून घ्यायला लिहिणार नाही."

तेव्हा कुठे अँगस उठला. "तो बरोबर बोलतोय. मी तेव्हा गिलाँगला होतो. पाच गुणांवर घेणार असाल तर मी येतो." हे तो तीन दिवसांपूर्वी क्रेगला सांगू शकला असता. पण निदान बोलला, आणि बोलताना ग्लेनकडे बघून बोलला.

मग खरी हाणामारी झाली, तोंडाची. कीरनला बसवायचं तर गोल कोण मारणार? टीना म्हणाली, "आपण एकवीस मारले काय नि चाळीस मारले काय, समोरचे एकशे अठ्ठ्याऐंशी मारतात. आधी भोक बुजवा." एक जण म्हणाला, कीरन उद्याच मिनबूलला जाईल. दुसरा म्हणाला, जाऊ दे. तिसरा ग्लेनकडे बघून म्हणाला, काही लोकांना गप्प बसता येत नाही. ग्लेनने ऐकलं आणि पावातलं सॉसेज संपवलं.

मतं झाली. सत्तावीस विरुद्ध चोवीस. अँगस पाच गुणांवर आला. ग्लेनने हात वर केला तो अँगसच्या बाजूने. त्याच्याइतका चांगला बचावपटू या गावाला दुसरा मिळणार नव्हता, हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

शुक्रवारी सकाळी रांगेत बातमी होती: कीरन पाइक मिनबूलला निघाला. मचाणावरच्या माणसाशी कुणी धड बोलेना. पहिल्या अकरा ट्रकवाल्यांनी नमुना दिला, चिठ्ठी घेतली, आणि काच वर करून गेले. हे होणार हे त्याने धरलंच होतं, तरी अकरा हा आकडा त्याने मोजला.

बारावा ट्रक बर्नीचा. त्याने इंजिन बंद केलं. ग्लेनने नळी खुपसली.

"रात्रभर विचार करत होतो," बर्नी खिडकीतून म्हणाला. वर बघत नव्हता. "तू डोकं फिरवलंस माझं. क्लबाचं वाटोळं झालं तर मी तुला धरणार, हे लक्षात ठेव."

"ठेवतो."

"मिनबूलविरुद्धची होती का रे एक? चिखलातली? एका पोराने पाठ करून पळत जाऊन झेल घेतला होता, खांबाला आपटला होता."

"दोन होत्या मिनबूलविरुद्ध. चिखलातली दुसरी."

"तो तू होतास?"

"मीच."

"मी पेरिनला बिअर पाजली होती त्या झेलासाठी," बर्नी म्हणाला. "थोरल्याला. त्याने प्यायलीपण."

मागून भोंगा वाजला. बर्नीने खिडकीतून हात बाहेर काढून थांबायची खूण केली.

"पहिली कुणाशी होती?" त्याने विचारलं.

ग्लेनने नळी बाहेर काढली, दाणे तबकात ओतले, आणि पहिल्या मॅचपासून सांगायला लागला.