दहाला निघून साडेअकराला

हवाईसुंदरीने दुसऱ्यांदा जेवणाचा ट्रे पुढे ठेवला, तेव्हा तिने झाकण उघडलं नाही. आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग खिडकीबाहेर. सूर्य मेला जागचा हलत नव्हता.

घरात तोंडावर सगळे तिला आई म्हणत, माघारी सरकार. परदेशी राहणाऱ्या लेकीने शिवणाचं दुकान थाटलं होतं आणि आईच्या हातून उघडेन, नाहीतर उघडणारच नाही, असं म्हणत महिनाभर शटर खाली ठेवलं होतं. सरकार नको म्हणत होती. डब्यात कोंडून बसायला मी काय पीठ आहे, म्हणत होती. मग लेकीने फोनवर तिकीट वाचून दाखवलं : दहाला निघतं, साडेअकराला पोचतं.

दीड तास! भाजी आणायला याहून वेळ लागतो. लांबचा पल्ला आहे म्हणणाऱ्या थोरल्या लेकाला तिने तिथल्या तिथे झापलं. तो मुकाट तिची बॅग भरायला लागला. सरकारपुढे तोंड उघडून आजवर कोणाचं भलं झालं होतं?

शेजारच्या सीटवरचे चष्मेवाले गृहस्थ आपणहून म्हणाले, "अजून पाच तास आहेत, आजी. तिकडची घड्याळं मागे असतात ना, म्हणून कागदावर थोडंच वाटतं. कोणी सांगितलं नाही?"

"लेकीनं सगळं सांगितलंय," ती म्हणाली, आणि ट्रेचं झाकण उघडलं.

जेवली. मग सुजलेले पाय चपलेत कोंबून मधल्या वाटेने फेऱ्या घालू लागली. प्रत्येक फेरीला लेकीसाठी एकेक शेलका शब्द जमत होता. लबाड. आगाऊ. कारटी. कोणत्या तरी फेरीत तिच्या ध्यानात आलं, की गुडघे चालताहेत, पोटात कालवत नाही आणि आसपासचे धडधाकट लोक माना टाकून पडलेत. ती ताठ झाली. पुढची फेरी तिने अख्ख्या विमानाची पाहणी केल्यासारखी घातली.

विमानतळावर लेक रिकामी चाकाची खुर्ची धरून उभी होती. चेहरा उतरलेला, नजर जमिनीवर. आईने पिशव्या खुर्चीत टाकल्या आणि खुर्ची स्वतःच ढकलू लागली.

थोरल्याचा फोन आला. लेकीने तो आईच्या कानाला लावला.

"थकलीस ना गं?"

"कशानं? बसले नाही तोवर उतरवलं."

लेक बघतच राहिली.

"बघतेस काय? दुकानाकडे चल. आणि हे बघ, पुढच्या खेपेला तुझ्या मावशीला आणायचंय. भित्री आहे ती." खुर्ची दाराबाहेर काढत ती म्हणाली, "तिला तिकीट मी वाचून दाखवीन."